चेहऱ्यावर फ्लॅश मारू नये

फ्लॅशतात्यांना फोटो काढता येत नव्हते, हे एकदाचं सांगून टाकलेलं बरं. कॅमेरे होते, दोन. लेन्स होत्या पाच, त्यातली एक इतकी लांबलचक की गच्चीवरून लावली तर पलीकडच्या इमारतीतल्या भिंतीवरचं घड्याळ वाचता यावं. फ्लॅश तीन, फ्लॅशच्या टोप्या, फ्लॅशच्या छत्र्या, तिवया, सेल भरायची यंत्रं, सगळं होतं. नव्हता तो फोटो. माणूस तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत भांडार सांभाळत बसला, नळाच्या तोट्या आणि व्हॉल्व्ह यांच्यात केस पिकवले, आणि निवृत्त झाल्यावर ज्या निष्ठेने तोट्या सांभाळल्या त्याच निष्ठेने कॅमेरे सांभाळू लागला. म्हणजे पुसून, नंबर घालून आणि कुणाला हात न लावू देता.

घर दोन खोल्यांचं, शिवाय स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत तात्या आणि त्यांचा संसार, म्हणजे वरची यादी. तात्यांची बायको कधीचीच वारली होती. आतल्या खोलीत मुलगा, सून आणि नात. कॅमेऱ्यांना दमट हवा सोसत नाही, म्हणून तात्यांनी काचेच्या दाराची एक पेटी आणली होती, आत दमटपणा मोजायचा काटा. सबंध घरात ओल न येणारी भिंत एकच, ती आतल्या खोलीतली, आणि तिथे ही पेटी. सुनेने एकदा भीतभीत विचारलं, "तात्या, ठकीला सारखी सर्दी होते. तिचा पलंग तिथे सरकवू का?"

"अगं, सर्दी बरी होते," तात्या म्हणाले. "लेन्सला बुरशी लागली की ती जन्मात बरी होत नाही."

घ्या! नात एका पारड्यात, काच दुसऱ्या पारड्यात, आणि काच जड. मुलगाही हसला, जणू बापाने मोठी कोटी केली. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. दिवसभर लोकांच्या लिफ्टा वर-खाली करायचा आणि घरी आला की बापापुढे मान तेवढी वर-खाली करायचा. तात्या म्हणतील ती पूर्व दिशा.

तात्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत होतं, आणि ते वाक्य ते दिवसातून दहादा ऐकवायचे: "चेहऱ्यावर फ्लॅश म्हणजे चेहऱ्यावर थप्पड." फ्लॅशचं डोकं वर फिरवायचं, उजेड छताला मारायचा, तो छतावरून उतरून माणसावर पडला पाहिजे, मऊ, पसरट, सावली न पाडता. खोटं नव्हतं ते. कुणीही बरा फोटोवाला हेच सांगेल. पण बरा फोटोवाला हे सांगून कामाला लागतो, आणि तात्या हे सांगून छत रंगवायला लागले. बाहेरच्या खोलीचं छत त्यांनी तीनदा रंगवून घेतलं, कारण पांढऱ्यात किंचित पिवळी झाक होती आणि ती म्हणे माणसांच्या गालावर उतरत होती. तिसऱ्यांदा रंगारी शिडीवरून म्हणाला, "काका, एवढं पांढरं तर दवाखान्यातही नसतं." तात्यांना ती स्तुती वाटली.

आता ठकीचं. ही तात्यांची नात, सव्वादोन वर्षांची, गोल चेहऱ्याची, बडबडी. आणि इथून पुढचं हसण्यावारी नेऊ नका. त्या पोरीच्या डाव्या डोळ्यात, आत, पाठीमागच्या पडद्यावर काहीतरी वाढत होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, पाणी येत नव्हतं. वेळेत कळलं तर डोळा राहायचा. उशीर झाला तर डोळा जायचा, आणि फारच उशीर झाला तर पोरगी. घरच्यांना ते एकाच रीतीने दिसण्यासारखं होतं: अंधाऱ्या खोलीत समोरून तोंडावर फ्लॅश मारला, की उजवी बाहुली लाल येणार आणि डावी पांढरी. आणि तात्यांच्या घरात दर रविवारी, न चुकता, बरोबर हेच होत होतं.

कारण तात्या वर्ग घ्यायचे. हौशी लोकांसाठी, फुकट. फुकट म्हटल्यावर माणसं जमतात, त्याला काय! टाइल्सचा दुकानदार, विम्याचा एजंट, बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर, त्यांचे दोन मित्र, असे दहा-बारा जण. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कंपनीचं नाव हे एवढं मोठं. रविवारी सकाळी पडदे ओढायचे, ठकीला स्टुलावर बसवायचं आणि धडा सुरू. आधी चूक दाखवायची: फ्लॅश सरळ तोंडावर. मग बरोबर: फ्लॅश छताला. मग दोन्ही फोटो भिंतीवर मोठे करून शेजारी शेजारी.

चुकीच्या फोटोत ठकीचं तोंड भिंतीवर चार फूट व्हायचं. एक डोळा लाल, दुसऱ्यात पांढुरका ठिपका. तात्या लाकडी पट्टी त्या डाव्या डोळ्यावर टेकवून सांगायचे, "हे बघा. थेट फ्लॅशचे प्रताप! लाल डोळा तुम्हाला माहीतच आहे. पण हा पांढरा का? तर मूल जरा नाकाकडे बघत असलं, साधारण पंधरा अंश, की उजेड आतल्या नसेच्या तोंडावर पडतो आणि पांढरा परततो." दहा-बारा माना डोलल्या. बँकेच्या मॅनेजरांनी वहीत 'पंधरा अंश' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. एवढे कॅमेरे, एवढ्या लेन्स, आणि एकालाही असं वाटू नये की पोरगी दर रविवारी बरोबर पंधरा अंशातच कशी बसते?

तिसरा धडा दुरुस्तीचा. संगणकावर ठकीचा चांगला उजवा डोळा कापायचा, आरशासारखा उलटा करायचा आणि डाव्याच्या जागी बसवायचा. हे मात्र तात्यांना सुरेख जमायचं. शिवण दिसायची नाही. त्या फोटोंत पोरीला दोन उजवे डोळे असायचे आणि सगळे वा वा म्हणायचे.

सुनेला हे पटत नव्हतं, पण का ते सांगता येत नव्हतं. ती कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला चारशे शर्ट तिच्या टेबलावरून जायचे. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, काजापासून धाग्याएवढं सरकलेलं बटण, तिच्या नजरेतून सुटायचं नाही. सुपरवायझर म्हणायचा, बाई, तुमच्या हातून शर्ट गेला की मी बघतही नाही. अशा बाईला स्वतःच्या पोरीच्या डोळ्यात काहीतरी वावगं दिसत होतं, आणि घरात तिला सांगितलं जात होतं की तुला त्यातलं काय कळतं.

तिच्या फोनवरच्या फोटोतही तो ठिपका आला. अंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून बसलेली ठकी, फोनचा बारका फ्लॅश, आणि डावी बाहुली पांढरी. तिने फोन तात्यांपुढे धरला.

"तात्या, ह्यातही आलंय बघा. आणि मला ते पहिल्यापेक्षा मोठं वाटतंय."

तात्यांनी फोन दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा. "फोन! अगं, फोनचा फ्लॅश लेन्सच्या मांडीवर बसलेला असतो. त्याने दगडालाही डोळे फुटतील. ह्याला फोटो म्हणू नकोस बाई."

"पण मोठं का होतंय?"

हा प्रश्न मात्र तात्यांना लागला. कारण खरंच मोठं होत होतं, त्यांनाही दिसलं होतं. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. आणि मग काय केलं असेल? जुना फ्लॅश जास्त उजेड फेकतोय असा निष्कर्ष काढला, तो खोक्यात भरला आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे तपासायला पाठवला! फ्लॅशची तपासणी झाली. तीन आठवड्यांनी तो परत आला, सोबत छापील कागद: कुठलाही दोष नाही. तात्यांनी तो कागद फाइलला लावला.

"बघ, तात्यांनी तपासूनसुद्धा घेतलं," नवरा म्हणाला. "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. त्यांना कळतं त्यातलं."

ती गप्प बसली. पुढे तिला सगळ्यांत जास्त राग आला तो ह्या गप्प बसण्याचा. तात्यांचा नंतर, नवऱ्याचा त्याहून नंतर.

पाळणाघराचा फॉर्म आला तेव्हा गाडी रुळावर आली, तीही तात्यांच्या कृपेने नव्हे, तात्यांच्या कलेने. फॉर्मवर मुलाचे दोन फोटो चिकटवायचे होते, अंगठ्याएवढे. तात्या म्हणाले, घरात मी असताना बाहेर कशाला? अख्खी सकाळ त्यांनी घातली. छत्री उघडली, एका बाजूला काळं कापड टांगलं, फ्लॅश खिडकीकडे वळवला. फोटो निघाला: अर्धं तोंड उजेडात, अर्धं अंधारात, मागचं सगळं धूसर, पोरगी विचारवंतासारखी कुठेतरी लांब बघतेय. पाळणाघराच्या बाईंनी तो बघितला आणि तसाच परत केला.

"अहो, हिला दुसरा कान आहे की नाही? साधा फोटो आणा. सरळ, समोरून, दोन्ही कान दिसणारा."

म्हणून कारखान्यातून सुटल्यावर सून पोरीला घेऊन चौकातल्या फोटोच्या दुकानात गेली. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि 'पाच मिनिटांत पासपोर्ट' असं दुकान. आत पडद्यामागे पाठीला निळा कागद, समोर स्टूल, आणि पन्नाशीची एक बाई, चष्मा दोरीला बांधलेला. इमारतीत तात्या तिचा उल्लेख 'पासपोर्टवाली' असाच करायचे आणि तोही नाक मुरडून. तिच्याकडे एकच कॅमेरा होता, कडेने चिकटपट्टी लावलेला, आणि त्याच्या डोक्यावर एकच फ्लॅश, सरळ समोर बघणारा. तीस वर्षं तिने गावभरच्या रडक्या पोरांच्या तोंडावर थपडा मारल्या होत्या.

तिने एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला.  ठकीसमोर चावीचा जुडगा हलवून तिला उजवीकडे बघायला लावलं, दुसरा काढला. डावीकडे, तिसरा. मग वर, मग पुन्हा अगदी लेन्सच्या भोकात. पाच झाले. तिने चष्मा लावला, पाचही फोटो मोठे करून एकेक पाहिले आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

"हा फोटो मी देणार नाही," ती म्हणाली.

"का हो? हलली का ती?"

"हलली असती तर बरं झालं असतं. डावा डोळा बघा. पांढरा येतोय."

"ते पंधरा अंशांमुळे येतं," सून पाठ केल्यासारखं बोलून गेली. "सासरे म्हणतात. मूल नाकाकडे बघत असलं की..."

"बरोबर म्हणतात. मलाही ठाऊक आहे. म्हणून तर पाच काढले. अंशामुळे आलेलं असलं ना, तर नजर फिरली की जातं. हिचं कुठूनही जात नाही. बाई, असली पोरं माझ्या स्टुलावर तीस वर्षांत तीन आली. दोघांच्या आया लगेच डॉक्टरांकडे गेल्या. फॉर्म राहू दे. उद्या सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. परवा नाही. उद्या."

तिसरीचं काय झालं हे सुनेने विचारलं नाही.  पैसे द्यायला हात पर्समध्ये गेला, तर बाईने तो तसाच धरून ठेवला आणि ठकीच्या हातात चावीचा जुडगा देऊन दोन मिनिटं तिला खेळू दिलं.

घरी तात्यांनी ऐकलं आणि हसले. हो, हसले! "पासपोर्टवाली! तिला लेन्सच्या छिद्राचा आकडा विचार, सांगता येणार नाही. ती आता डॉक्टर झाली?"

"तात्या, तुमचा संगणक उघडा."

"आत्ता? कशाला?"

"उघडा म्हणते ना!" ह्या घरात तिचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. नवरा दारातच थांबला. तात्यांनी संगणक उघडला.

माणूस भांडारातला, व्यवस्थेत कुणाच्या बापाला हार जाणारा नव्हता. फोल्डरचं नाव 'चुका'. आत एकोणतीस रविवार, तारीख घालून, ओळीने. ती खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरून शर्ट सरकवावेत तसे एकेक फोटो सरकवत गेली. पहिल्यात नुसता कण. पाचव्यात तांदळाचा दाणा. बाराव्यात बाहुलीचा अर्धा भाग. एकोणतिसाव्यात काळं काही उरलंच नव्हतं. ह्यातल्या पंचवीस फोटोंत पोरगी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. नाकाकडे नव्हे, खाली नव्हे, आजोबांकडे बघून हसत होती.

"हे कुठले पंधरा अंश?" ती म्हणाली. "सांगा ना. हे कुठले?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मुलगा पुढे येऊन पडद्याकडे बघत राहिला, मग बापाकडे. एवढ्या वर्षांत त्याची मान पहिल्यांदा हलायची थांबली होती.

सकाळी ती गेली. जवळच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, आत पाहिलं, आणि दहा मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून स्वतः फोन केला. पुढचे चार दिवस तपासण्या. पोरीला भूल दिली, यंत्रात निजवलं, हातात सुई टोचली. ठकी रडून रडून थकली की आईच्या खांद्यावर झोपायची, आणि आई भिंतीला टेकून उभी राहायची, कारण बसलं की ती जागी व्हायची. तात्या रोज येत. बाकावर बसत. कुणी त्यांना या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. बाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. गाठ आहे. उजवा डोळा स्वच्छ आहे. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नाही, हे नशीब समजा, जीव वाचेल. डावा डोळा राहणार नाही. मंगळवारी काढायचा.

"दुसरा काहीच उपाय नाही?" नवऱ्याने विचारलं. 

"लहान असताना आली असती तर लेझर आणि औषधांनी डोळा वाचवायचा प्रयत्न केला असता. बऱ्याचदा वाचतो. आता आतमध्ये जागाच उरली नाही. तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसलं?"

"आत्ता... पंधरा-वीस दिवसांपूर्वी," नवरा म्हणाला. बापाकडे न बघता म्हणाला. अजूनही झाकत होता, काय म्हणावं ह्या माणसाला!

सुनेने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. "सात महिन्यांपूर्वी. ह्यात सगळं आहे. तारखा घातल्यात."

डॉक्टरीणबाईंनी तो लावला. एकेक रविवार पुढे सरकू लागला. त्या खुर्चीत पुढे झुकल्या.  शेवटचा फोटो झाल्यावर त्या पुन्हा पहिल्यावर गेल्या, तो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. तात्या मांडीवर हात ठेवून बसले होते. 

"कमाल आहे," शेवटी बाई हळूच म्हणाल्या. "इतके स्पष्ट फोटो आमच्याकडे एकाही मुलाचे नाहीत. अगदी पहिल्या आठवड्यापासून, दर आठवड्याला, एकाच अंतरावरून, एकाच उजेडात. गाठ कशी वाढते हे असं ओळीने कुठे बघायला मिळत नाही." त्या थांबल्या. आपण कुणासमोर बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "माफ करा. पण विचारते... शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला आम्ही हे ठेवून घेतले तर चालेल? मुलीचं नाव कुठेही येणार नाही."

नवऱ्याने मान खाली घातली.  तात्यांनी सुनेकडे पाहिलं. ह्या घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, काहीतरी मागत असल्यासारखं.

"ठेवा," ती म्हणाली. "मुलीचं नाव नका घालू. पण ज्यांनी काढलेत त्यांचं घाला. हे बसलेत ते."